रिकव्हरी डिस्क नसलेला लॅटिट्यूड ५४२०: एका सेकंडहँड लॅपटॉपची पाटी कोरी करताना

लॅपटॉप डेलचा, लॅटिट्यूड ५४२०. अकराव्या पिढीचा इंटेल आय-५, १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क). एका कंपनीची लीज संपल्यावर लॉटमध्ये सुटलेला, तिथून दुकानात आणि दुकानातून पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीच्या हातात. सोबत चार्जर आणि पक्कं बिल. बिलावर यंत्राचा सर्व्हिस टॅग, म्हणजे डेलचा सीरियल नंबर, लिहिलेला होता, आणि पुढे हाच कागद सगळ्यात जास्त कामाला आला.

चालू केला की लॉगिनच्या पडद्यावर आधीच्या कर्मचाऱ्याचं नाव. पासवर्ड ना दुकानदाराला माहीत, ना कुणाला. रिकव्हरी डिस्क नाही, आणि असती तरी घालायची कुठे? या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. दुकानाचा तोडगा ठरलेला: ‘आणून द्या, फॉरमॅट मारून देतो.’ हे फॉरमॅट बहुतेक वेळा एखाद्या तयार प्रतीवरून मारलं जातं आणि विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायला क्रॅक वापरला जातो. या यंत्राला त्याची गरजच नव्हती. विंडोजचा परवाना त्याच्या मदरबोर्डवर आधीपासूनच होता. ते पुढे येईलच.

पुसण्याआधीची पाहणी

पहिलं काम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरण्याचं. डेलमध्ये चालू करताच एफ-२ दाबत राहायचं. इथे पाहायच्या गोष्टी मोजक्या, पण चुकवायच्या नाहीत.

अ‍ॅडमिन पासवर्ड आहे का? इथे नव्हता. असता तर पुढचं बरंचसं काम तिथेच अडलं असतं, कारण हल्लीच्या व्यावसायिक लॅपटॉपवर मदरबोर्डची छोटी बॅटरी काढून हा पासवर्ड जात नाही. ती युक्ती जुन्या डेस्कटॉपच्या काळातली. लेनोवोच्या थिंकपॅडवर सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनीचं अधिकृत उत्तर ‘मदरबोर्ड बदला’ एवढंच आहे. त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानातच एफ-२ दाबून पाहावं. पासवर्ड मागितला तर लॅपटॉप कितीही स्वस्त असो, ठेवून यावा.

दुसरं, सिक्युरिटीमधला ‘अ‍ॅब्सोल्यूट’ हा पर्याय. चोरीला गेलेलं यंत्र शोधण्यासाठी कंपन्या ही सेवा घेतात. तिथे ‘एनेबल’ दिसलं म्हणजे सेवा चालू आहे असं नव्हे. तेवढी परवानगी डेल कारखान्यातूनच ठेवून देतं. सेवा प्रत्यक्ष चालू असेल तर मात्र डिस्क कितीही पुसा, नव्या विंडोजवर तिचा एजंट फर्मवेअरमधून (मदरबोर्डवरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमधून) परत उतरतो आणि तो फक्त मूळ मालकालाच बंद करता येतो. इथे ती चालू नव्हती.

तिसरं, बॅटरीची तब्येत. डेलचा बायोस ती शब्दांत सांगतो: एक्सलंट, गुड, फेअर, पुअर. इथे ‘फेअर’ निघाली. आणि चौथं, स्टोरेजमधलं ‘साटा/एनव्हीएमई ऑपरेशन’. त्यापुढे ‘रेड ऑन’ लिहिलेलं होतं (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याची पद्धत). त्या घडीला याकडे फारसं लक्ष गेलं नाही.

‘रिसेट धिस पीसी’ का चाललं नाही

विंडोजमध्येच रिसेटची सोय असते आणि त्यासाठी आत शिरावंही लागत नाही. लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली पॉवरचं चिन्ह असतं. शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ केलं की निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, मग रिसेट धिस पीसी, मग रिमूव्ह एव्हरीथिंग. कंपनीने हे चिन्ह लपवलं असेल तर विंडोज सुरू होत असताना लागोपाठ दोन-तीनदा पॉवरचं बटण दाबून यंत्र बंद करायचं, म्हणजे तोच पडदा आपोआप उघडतो.

इथे तो उघडला आणि लगेच बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी की मागितली. की कंपनीच्या खात्यात; आपल्याकडे असण्याचा प्रश्नच नाही. ‘स्किप धिस ड्राइव्ह’ करून पुढे गेल्यावर थोडा वेळ टक्के मोजले गेले आणि शेवटी ‘रिसेट करताना अडचण आली, कोणताही बदल केलेला नाही’ हा निरोप.

इथे बरेच जण हाय खातात आणि बिटलॉकर ‘तोडून’ देणारा शोधत फिरतात. बिटलॉकर अडवतो तो वाचणाऱ्याला. पुसणाऱ्याला तो आडवा येत नाही. जुना डेटा आपल्याला नकोच आहे, तर की कशाला हवी? बाहेरून बूट करून अख्खी डिस्क रिकामी केली की बिटलॉकरही तिच्याबरोबर जातो.

जुन्या लॅपटॉपमध्ये कारखान्याचं लपवलेलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) असायचं, त्यातून यंत्र मूळ स्थितीत आणता यायचं. एचपीमध्ये एफ-११, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ-१०, असूसमध्ये एफ-९, लेनोवोत कडेला टाचणीने दाबायचं नोवो बटण. ते पार्टिशन शाबूत असेल तरच या कळा काही करतात. कंपनीच्या आयटी विभागाने एकदा स्वतःची प्रत चढवली किंवा कुणी डिस्क बदलली की तो मार्ग संपतो, आणि लीजवरून सुटलेल्या यंत्रात तो सहसा संपलेलाच असतो. डेलचं ओएस रिकव्हरी टूल सर्व्हिस टॅगवरून कारखान्याची प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून देतं, लेनोवो आणि एचपीचीही तशी सोय आहे. पण त्यात कारखान्याने भरलेली इतर सॉफ्टवेअरही सोबत येतात, म्हणून इथे मायक्रोसॉफ्टचीच कोरी प्रत घेतली.

पेन ड्राइव्ह

दुसऱ्या एखाद्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ चं मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावायचा. त्यावरचं सगळं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला नको. डाउनलोड पाच जीबीच्या वर जातं, तेव्हा मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा पुरणार नाही. वाय-फाय शोधून बसावं. विंडोज १० घेण्यात अर्थ उरलेला नाही, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनची बहुतेक यंत्रं आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ रीतसर चढतं.

जवळ फक्त मॅक असेल तर आयएसओ (विंडोजची एकाच फाइलमधली प्रत) नुसती कॉपी करून भागत नाही. त्यातली मुख्य फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असते आणि फॅट-३२ वर, म्हणजे पेन ड्राइव्हवर फायली मांडण्याच्या जुन्या पद्धतीत, तेवढी मोठी फाइल मावत नाही. मीडिया क्रिएशन टूल तीच फाइल जास्त दाबून लिहितं, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

पडद्यावर डिस्कच नाही

पेन ड्राइव्ह लावून चालू करताना एफ-१२, यादीतून यूएसबी निवडला, इन्स्टॉलर उघडला. टचपॅड इथे मेला होता. इन्स्टॉलरकडे या टचपॅडचा ड्रायव्हर नसतो. बिघाड समजू नये. टॅब, बाण आणि एंटरवर काम होतं, वायरचा माउस असला तर उत्तम. प्रॉडक्ट की मागितलीच तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडायचं आणि पुढे जायचं. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर आलो तर यादी रिकामी, खाली ‘लोड ड्रायव्हर’.

एसएसडी गेली असं वाटण्याची ही जागा. पण दोन मिनिटांपूर्वी त्याच डिस्कवरून विंडोज चालू होत होतं. मामला त्या ‘रेड ऑन’चा होता. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या या मांडणीत एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या आड बसते. त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या इन्स्टॉलरमध्ये नव्हता, कंपनीने बसवलेल्या जुन्या विंडोजमध्ये होता. म्हणून एकाला डिस्क दिसते, दुसऱ्याला नाही.

आता यातला खरा धोका. इंटरनेटवर जिथे तिथे एक नुस्खा सापडतो: शिफ्ट आणि एफ-१० दाबा, काळी खिडकी उघडेल, ‘डिस्कपार्ट’ टाइप करा, मग ‘सिलेक्ट डिस्क ०’, मग ‘क्लीन’. या यंत्रावर काळी खिडकी उघडून (काही कीबोर्डवर सोबत एफएन दाबावं लागतं) ‘लिस्ट डिस्क’ दिलं तेव्हा एकच ओळ आली: डिस्क ०, आकार १४ जीबी. १४ जीबी म्हणजे काय? १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. खरी एसएसडी व्हीएमडीच्या आड लपली, त्यामुळे शून्य क्रमांक ज्यावरून इन्स्टॉलर चालला होता त्याच पेन ड्राइव्हला मिळाला. नुस्खा डोळे मिटून चालवला असता तर एसएसडीला धक्का लागला नसता आणि पाच जीबीचं डाउनलोड मात्र पुसलं गेलं असतं. क्रमांकावर कधी जाऊ नये, आकारावर जावं. २५६ जीबीची एसएसडी इथे २३८ दिसते, ५१२ ची ४७६. उत्पादक जीबी १००० च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, फरक तेवढाच.

यातून दोन वाटा. एक, डेलच्या साइटवर सर्व्हिस टॅग टाकून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यायचा, सुटा करून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून व्हीएमडीचा फोल्डर दाखवायचा. एक्सई फाइल तशीच ठेवली तर इन्स्टॉलरला त्यातलं काही दिसत नाही, आत .आयएनएफ फाइल असलेला फोल्डर हवा. दुसरी वाट, बायोसमध्ये ‘रेड ऑन’ काढून ‘एएचसीआय/एनव्हीएमई’ करायचं. यंत्रात एकच डिस्क आहे, रेड बांधायला दुसरी नाही, त्यामुळे काही गमवायचं नाही. उद्या कुणाला उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं झालं तरी अडणार नाही. आम्ही अशा वेळी दुसरीच घेतो. अट एवढीच की हा बदल इन्स्टॉल करण्याआधी व्हावा. चालत्या विंडोजखालून तो केला की पुढच्या बूटला निळा पडदा आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

पुसणं

बायोसमध्ये होतोच, तर पुसण्याचं कामही तिथूनच केलं. मेंटेनन्समध्ये ‘डेटा वाइप’ असतं. ते चालू केल्यावर पुढच्या बूटला यंत्र पुन्हा विचारतं, खात्री दिली की एसएसडीच्याच कंट्रोलरला पुसण्याचा आदेश जातो. या एसएसडीला मिनिटभरही लागला नाही.

एसएसडीवर सात-सात वेळा शून्यं लिहिणारी सॉफ्टवेअर चालवण्यात शहाणपण नाही. एसएसडी तुम्ही सांगितलेल्या जागी लिहीत नाही. झीज सारखी व्हावी म्हणून ती प्रत्येक वेळी जागा बदलते, आणि काही राखीव जागा तर बाहेरून दिसतच नाही. त्यामुळे वरून लिहून सगळं झाकलं जाईल याची हमी नाही, झीज मात्र होते. डिस्कपार्टमधलं ‘क्लीन ऑल’ त्याच जातीचं. ते फिरत्या हार्ड डिस्कसाठी ठीक, तिथे काही तास लागतील अशा तयारीने लावून ठेवावं. साधं ‘क्लीन’ फक्त पार्टिशनची नोंद काढतं. नव्याने विंडोज टाकायला तेवढंही पुरतं.

पुन्हा एफ-१२, पुन्हा यूएसबी. आता डिस्क दिसली, सगळी ‘अनअलोकेटेड’. पार्टिशन हाताने पाडत बसू नये, ती रिकामी जागा निवडून नुसतं नेक्स्ट. इन्स्टॉलर स्वतः ईएफआय, मुख्य विंडोज आणि रिकव्हरी अशी पार्टिशनं पाडतो. साधारण वीस मिनिटांत फायली चढल्या. पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्ह उपटून घ्यायचा, नाहीतर काही यंत्रं परत इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर आणून सोडतात.

मधे एक गोष्ट लक्षात येण्यासारखी: कोणती आवृत्ती हवी, होम की प्रो, हे इन्स्टॉलरने विचारलंच नाही. विंडोज ८ पासून कारखान्यात विंडोजसह आलेल्या यंत्राची की फर्मवेअरच्या एमएसडीएम नावाच्या तक्त्यात असते आणि इन्स्टॉलर ती वाचून आवृत्ती ठरवतो. इथे कंपनी एंटरप्राइझ वापरत होती, कोरं चढलं ते प्रो. तक्रारीचं कारण नाही. एंटरप्राइझचा परवाना कंपनीचा होता, प्रोचा यंत्राचा. घरगुती लॅपटॉपवर भारतात बऱ्याचदा ‘होम सिंगल लँग्वेज’ निघतं, तिथे हौसेने प्रो टाकलं तर ते अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. आणि मूळ लॅपटॉप उबंटूसह विकलेला असेल तर तक्त्यात कीच नसते. मग परवाना विकत घ्यायचा किंवा उबंटूवरच राहायचं.

इंटरनेट जोडल्यावर कंपनी परत आली

सेटअपने वाय-फाय मागितलं. हॉस्टेलच्या वाय-फायवर ब्राउझरमधून लॉगिन लागतं आणि ते या पडद्यावर उघडत नाही, म्हणून अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं. वाय-फायचा ड्रायव्हरच नसतो तेव्हाही ही युक्ती चालते. इंटरनेट मिळालं, यंत्राने थोडा वेळ घेतला आणि पडद्यावर आधीच्या कंपनीचं नाव, खाली ‘तुमचा ऑफिसचा ई-मेल टाका’.

डिस्क तर कंट्रोलरच्या पातळीवर पुसली होती. मग हे नाव आलं कुठून? मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट नोंदीतून. कंपनी लॅपटॉप घेताना त्याच्या हार्डवेअरचा ठसा, म्हणजे सीरियल नंबर आणि इतर भागांच्या खुणा मिळून झालेली एक लांबलचक ओळ, आपल्या खात्यात नोंदवते. कोरं विंडोज पहिल्यांदा इंटरनेटला लागलं की तिथे विचारणा होते: हे यंत्र कुणाचं? नोंद सापडली की कंपनीचा पडदा. डिस्क बदलली तरी हेच होणार, आणि कारखान्याची रिकव्हरी डिस्क हातात असती तरी हेच झालं असतं. अ‍ॅपलचे कंपनीच्या व्यवस्थापनाखालचे मॅक आणि शाळा-कंपन्यांनी नोंदवलेले क्रोमबुक याच पद्धतीने मालकाला चिकटून असतात.

इंटरनेट न जोडता लोकल खातं काढून हा पडदा चुकवण्याचे उपाय फिरत असतात. त्यांनी नोंद जात नाही. पुढच्या रिसेटला ती परत उभी राहते, आणि यंत्र पुढे विकायचं झालं तर घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. शिवाय यंत्र कंपनीने खरंच विकलं की लॉटमधून वाटेत गळालं, हा प्रश्न तसाच राहतो. चोरीचा लॅपटॉप हाच पडदा दाखवतो.

म्हणून मार्ग एकच: नोंद मूळ मालकाकडून काढून घेणं. दुकानदाराला बिल दाखवून त्याच्यामार्फत लॉट विकणाऱ्याला, आणि पडद्यावर नाव होतंच म्हणून कंपनीच्या आयटी विभागालाही ई-मेल गेला. ई-मेलमध्ये तीनच गोष्टी: सर्व्हिस टॅग, बिलाची प्रत, त्या पडद्याचा फोटो. विनंती नेमकी असावी. नुसतं ‘लॅपटॉप अनलॉक करा’ लिहिलं तर हेल्पडेस्कवाला पासवर्डचं प्रकरण समजून बंद करतो. ‘हे यंत्र इंट्यूनमधून आणि ऑटोपायलटच्या यादीतून काढावं’ असं लिहिलं की ते योग्य टेबलावर जातं (इंट्यून ही कंपनीची यंत्रं सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा). तिकडे क्रमही महत्त्वाचा असतो, आधी इंट्यूनमधलं यंत्र काढायचं, मग ऑटोपायलटची नोंद.

नवव्या दिवशी उत्तर आलं. विकलेल्या यंत्रांच्या यादीत टॅग होता, नोंद काढायची राहून गेली होती. लीज सुटताना हे सर्रास राहतं. दुकानदाराने बिलावर टॅग लिहिला नसता तर जुळवायला काहीच नव्हतं.

नोंद गेल्याचं कळल्यावर तसंच पुढे न जाता विंडोज पुन्हा एकदा त्याच पेन ड्राइव्हवरून टाकलं, कारण आधीच्या सेटअपने नोंदीची प्रत डिस्कवर उतरवलेली असू शकते. या वेळी इंटरनेट जोडल्यावर कंपनीचं नाव आलं नाही. साधा प्रश्न आला: यंत्राला नाव काय द्यायचं?

उरलेलं

ड्रायव्हरचा फार बाऊ करायला नको. विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवलं, त्यातले ऑप्शनल अपडेटही घेतले, मग डेल कमांड अपडेटने राहिलेले भरले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह उरलं नाही की झालं. बायोसचं अपडेट आलं तर चार्जर लावूनच घ्यावं आणि मधे बटणाला हात लावू नये.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन: डिजिटल परवान्याने अ‍ॅक्टिव्ह. कोणतीही की टाकावी लागली नाही.

अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या काळ्या खिडकीत ‘रिएजंटसी /इन्फो’ दिल्यावर रिकव्हरीपुढे ‘एनेबल्ड’ आलं, म्हणजे पुढच्या वेळी ‘रिसेट धिस पीसी’ चालेल. पण त्याआधी एक गोष्ट. विंडोज ११ च्या हल्लीच्या आवृत्त्या, २४एच२ पासून, कोऱ्या इन्स्टॉलवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात. इथेही झाली. म्हणजे ४८ अंकी की आता विद्यार्थिनीच्या स्वतःच्या नावावर. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडते हे तिथे जाऊन पाहिलं, आणि एक प्रत कागदावर उतरवून बिलालाच टाचली.